मोटर निवडायची ती चढावर

विजेची सायकल किंवा हलकी स्कूटर घ्यायला निघालेला माणूस दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न विचारतो, ‘मोटर किती वॅटची?’ एक दुकानदार २५० सांगतो, दुसरा १,०००, तिसरा ‘पीक’ हा शब्द जोडून ३,०००. गिऱ्हाईक मोठा आकडा लक्षात ठेवून घरी येतं. सुटे भाग आणून स्वतः गाडी जुळवणारी इंजिनिअरिंगची मुलंही बहुतेक वेळा याच आकड्यापासून सुरुवात करतात. माझं म्हणणं असं, की हलक्या गाडीची मोटर या आकड्यावरून निवडता येत नाही. गाडी कोणत्या रस्त्यावर, किती ओझं घेऊन, किती वेगानं चढणार आहे, हे आधी ठरायला हवं. हा प्रश्न गिऱ्हाइकाला सुचत नाही, कारण आपले नियम, अनुदानं आणि जाहिराती या तिघांनी त्याला दुसराच प्रश्न शिकवला आहे.

वॅटच्या आकड्याचा अर्थ आधी पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या विजेच्या दुचाकीची ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत आहे, तिला मोटार वाहन मानलं जात नाही. म्हणून तिला नोंदणी लागत नाही, लायसन्सही लागत नाही. यातला ‘३० मिनिटांची’ हा शब्द महत्त्वाचा. मोटर अर्धा तास किती शक्ती सोसू शकते, हे तो सांगतो. म्हणजे हा आकडा मुख्यतः उष्णतेचा आहे. त्याच मोटरला ३६ व्होल्टची बॅटरी आणि १५ अँपिअरचा कंट्रोलर जोडला, तर ती काही मिनिटं बॅटरीतून ५४० वॅट खेचू शकते. युरोपातही सायकलींवर कायद्यानं २५० वॅटचीच मर्यादा आहे, आणि बॉशची गाजलेली मोटर त्या मर्यादेत बसूनही क्षणभर ६०० वॅटपर्यंत जाते. यात फसवाफसवी नाही. आकडाच वेगळ्या कामासाठी बनवलेला आहे.

आता रस्त्याकडे वळू. स्वार आणि सायकल मिळून १०० किलो धरू. सपाट डांबरी रस्त्यावर, वारा नसताना, ताशी २५ किलोमीटर वेग टिकवायला टायरचं घर्षण आणि हवेचा अडथळा मिळून चाकाशी साधारण १७५ वॅट लागतात. म्हणजे २५० वॅट तिथे भरपूर झाले. तीच सायकल आठ टक्क्यांच्या चढावर त्याच वेगानं न्यायची म्हटलं, तर सुमारे ७२० वॅट हवेत. पण तिथे ताशी १० किलोमीटरवर समाधान मानलं, तर पुन्हा २५० वॅटच्या आतच काम भागतं. शक्ती पुरेशी आहे. तरीही साधी, चाकातच बसवलेली बिनगिअरची मोटर, म्हणजे हब मोटर, या चढावर हाशहुश करते, तापते, कधी बंद पडते.

कारण ती चाकाच्या वेगानंच फिरू शकते. २६ इंची चाक ताशी २५ किलोमीटरला मिनिटाला जेमतेम २०० फेरे मारतं, तर १० किलोमीटरला ८०. या ८० फेऱ्यांवर २५० वॅट द्यायचे, तर चाक फिरवणारा जोर, म्हणजे टॉर्क, सुमारे ३० न्यूटन-मीटर लागतो. टॉर्क येतो करंटमधून. दुप्पट टॉर्कला दुप्पट करंट. पण तांब्याच्या तारेत वाया जाणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट टॉर्कला चौपट उष्णता. हलक्या गाडीच्या मोटरचं सगळं अर्थकारण या एका वाक्यात आहे असं मला वाटतं. मोटर वॅटनं दमत नाही, टॉर्कनं दमते.

स्कूटरचा हिशेब जरा तपशिलात करू, कारण खरी निवड तिथे होते. ८० किलोची स्कूटर, ७० किलोचा एकटा स्वार, लहान दहा इंची रिम. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरला चाकाशी साधारण ७५० वॅट आणि १५ न्यूटन-मीटर लागतात. दहा टक्क्यांच्या चढावर ताशी आठ किलोमीटरनं रांगताना लागतात ४०० वॅटच, पण टॉर्क जातो सुमारे ४० न्यूटन-मीटरवर. आता एक मोटर कल्पू, जी दर अँपिअरला एक न्यूटन-मीटर देते आणि जिच्या वेटोळ्याचा रोध ०.२ ओहम आहे. सपाटीवर तिच्या तांब्यात ४५ वॅट जातात, लोखंडात आणखी ४० धरू. कार्यक्षमता जवळजवळ ९० टक्के. उत्तमच. चढावर ४० अँपिअर वाहतात आणि नुसत्या तांब्यात ३२० वॅट जळतात. बाहेर मिळतात ४००. कार्यक्षमता ५६ टक्क्यांच्या आत. मोटर तीच, बॅटरी तीच, दिवसही तोच. मग तिच्या माहितीपत्रकावर काय छापणार? अर्थात ९०.

हीच मोटर, तेवढंच तांबं आणि तेवढेच चुंबक वापरून, चाकाबाहेर काढली आणि मध्ये दोनास एक असा गिअर किंवा पट्टा घातला तर मोटर दुप्पट वेगानं फिरते, टॉर्क निम्मा लागतो आणि तांब्यातली उष्णता चौथ्या हिश्शावर, म्हणजे ८० वॅटवर येते. गिअरच्या घर्षणात थोडं जातं. तरी चढावरची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास राहते. उलट सपाटीवर ही जोडी किंचित मागे पडते. लोखंडातला तोटा वेगासोबत वाढतो, गिअर दोन-तीन टक्के खातो, आणि ९० चे ८६ होतात.

म्हणून ‘हब मोटर चांगली की गिअरची?’ या प्रश्नाला गावाचं नाव घेतल्याशिवाय उत्तर नाही. सोलापूर, लातूर, नागपूरच्या सपाट रस्त्यांवर, लहान चाकाच्या स्कूटरसाठी हब मोटर हीच शहाणी निवड आहे. हलणारे भाग कमी, पट्टा नाही, तेल नाही, आवाज नाही. टीव्हीएसच्या आयक्यूबमध्ये मागच्या चाकातच मोटर आहे आणि ती गाडी देशभर खपते. बजाजच्या नव्या चेतकनं गिअरमधून, तर एथरनं पट्ट्यातून शक्ती चाकाकडे नेली. तिन्ही रचना आपापल्या जागी योग्य आहेत. पण रत्नागिरीच्या चढउतारांवर गॅसची टाकी पोचवणारा, आंबोलीच्या बाजूला दूध गोळा करणारा, पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर राहणारा, यांना कुणी फक्त वॅट पाहून हब मोटर विकली तर त्यांचं नुकसान होतं. आणि ते पहिल्या पावसाळ्यापर्यंत कळतही नाही.

हब मोटरची एक अडचण फारशी बोलली जात नाही. तिचं तांबं मध्ये, आसाला धरून बसलेलं असतं आणि बाहेरचं कवच फिरतं. उष्णतेला बाहेर पडायला मधली हवेची फट ओलांडावी लागते. त्यामुळे कवच कोमट लागत असताना आतलं वेटोळं शंभर अंशांच्या पुढे गेलेलं असू शकतं. साधे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या आसपासच कमकुवत होऊ लागतात, आणि हा कमकुवतपणा मोटर निवल्यावर पूर्ण भरून येत नाही. चुंबक कमी पडला की तोच टॉर्क मिळवायला जास्त करंट लागतो, जास्त करंटनं मोटर आणखी तापते. ‘गाडी नवीन असताना चढायची, आता चढत नाही’ या तक्रारीत दर वेळी बॅटरीच दोषी नसते.

ब्रशवाली डीसी, बीएलडीसी, पीएमएसएम, इंडक्शन, स्विच्ड रिलक्टन्स या नावांच्या जंजाळात इथे फार शिरत नाही. बीएलडीसी हे अक्षरचतुष्टय आपल्या घरात छताच्या पंख्यातून आलं. ७५ वॅटचा जुना पंखा काढून ३० वॅटच्या आसपासचा बसवला की बिलात फरक दिसतो, आणि बीएलडीसी म्हणजे बचत असं समीकरण डोक्यात पक्कं होतं. पंख्यात ते खरं आहे, कारण तिथली जुनी एकफेजी इंडक्शन मोटर फारच उधळी होती आणि पंख्याचा भार दिवसभर तोच राहतो. गाडीत भार क्षणाक्षणाला बदलतो, आणि बाजारातली जवळजवळ प्रत्येक हलकी गाडी आज बीएलडीसी किंवा तिची बहीण पीएमएसएमच वापरते. त्यामुळे हा शिक्का निवडीला काहीच मदत करत नाही. कंट्रोलर मात्र मदत करतो. चौकोनी लहरींच्या स्वस्त कंट्रोलरऐवजी साइन लहरींचा, मोटरच्या स्थितीनुसार करंट देणारा कंट्रोलर घेतला, तर तीच मोटर कमी आवाजात, कमी तापत चालते.

कार्यक्षमतेचं टोक गाठायचं म्हटलं तर ते गाठलेलंही आहे. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या संशोधन संस्थेनं १९९० च्या दशकात ऑरोरा या सौर शर्यतीच्या गाडीसाठी चाकातली मोटर बनवली, तिची कार्यक्षमता ९८ टक्क्यांच्या जवळ होती. बिनगिअरची. पण ती सपाट वाळवंटी महामार्गावर, जवळजवळ एकाच वेगानं धावणाऱ्या गाडीसाठी होती, आणि तिची किंमत एखाद्या मोटारीइतकी. उलट टोकाला १८९५ साली अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांनी विजेच्या सायकलचं पेटंट घेतलं. त्यातही मोटर मागच्या चाकातच होती, गिअर नव्हता, आणि दहा व्होल्टच्या बॅटरीतून १०० अँपिअरपर्यंत करंट घ्यायची योजना होती. करंटचा वर्ग आठवला म्हणजे त्या तारांचं काय होत असेल ते समजतं. चाकात मोटर बसवण्याची कल्पना जुनी आहे, तिच्यापुढची अडचणही तितकीच जुनी.

आता ‘स्वस्त’ या शब्दाकडे येतो, कारण मतभेद तिथे आहे. माझे काही इंजिनिअर मित्र म्हणतात, मोटरच्या दहा-पंधरा टक्क्यांसाठी एवढा जीव का काढायचा, बॅटरी स्वस्त होतेय, थोडी मोठी बॅटरी टाका. हिशेब करून पाहू. चाकाशी दर किलोमीटरला २० वॅट-तास लागतात असं धरलं, आणि दिवसभराच्या चढउतारांत मोटरची सरासरी कार्यक्षमता एका गाडीत ७० टक्के, दुसऱ्या गाडीत ८५ असेल, तर ८० किलोमीटरसाठी पहिलीला सुमारे २.३ किलोवॅट-तासांची बॅटरी लागते, दुसरीला १.९ ची. फरक ०.४ चा. किलोवॅट-तासाला १२,००० रुपये धरले तर सुमारे पाच हजार रुपये. मोटर, गिअर आणि चांगला कंट्रोलर यांवर तेवढे जास्त खर्च केले तरी गाडी महाग होत नाही. शिवाय बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, तेव्हा तो फरक पुन्हा मोजावा लागतो. मोठी बॅटरी जड असते, जड गाडीला चढावर आणखी टॉर्क लागतो, आणि चार्जिंगला जास्त वेळ जातो. मोटरमध्ये वाचवलेले पैसे मालक बॅटरीत भरतो, आणि दोनदा भरतो.

सरकारी अनुदानानं हाच उलटा हिशेब रूढ केला, असं माझं ठाम मत आहे. विजेच्या गाड्यांसाठीच्या केंद्राच्या फेम-२ योजनेत २०१९ पासून दुचाकीला बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे १०,००० रुपये मिळत. जून २०२१ मध्ये ते १५,००० झाले, जून २०२३ मध्ये पुन्हा १०,०००. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत दर खाली आले, ५,००० आणि मग २,५००. पण मोजमाप तेच, बॅटरीचा आकार. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणानंही तीच पट्टी वापरली. दोन गाड्या सारखंच अंतर जात असतील आणि एकीची मोटर चांगली असल्यामुळे तिला लहान बॅटरी पुरत असेल, तर तिला अनुदान कमी. उधळी मोटर आणि मोठी बॅटरी असलेल्या गाडीला जास्त. फेम-२ मध्ये ऊर्जेच्या वापरावर मर्यादा होती हे खरं. १०० किलोमीटरला सात किलोवॅट-तास, म्हणजे दर किलोमीटरला ७० वॅट-तास. वरच्या हिशेबातली ७० टक्क्यांची उधळी गाडीसुद्धा ३० च्या आत बसते. दुप्पट उधळपट्टी करूनही ओलांडता न येणारी मर्यादा कुणालाच सुधारायला लावत नाही. अनुदान द्यायचं तर ते किलोमीटरमागे वाचवलेल्या ऊर्जेवर द्यायला हवं होतं. अशानं मोटर आणि गिअरवर काम करणाऱ्या छोट्या कारखान्यांना चार पैसे मिळाले असते.

याउलट विचार कसा करावा याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस विजेच्या रिक्षावर काम केलं. त्यांनी सुरुवात मोटरपासून केली नाही. पायडलची सायकल रिक्षा चालवणाऱ्या माणसाच्या पायांवर किती भार येतो, हे आधी पाहिलं. सांगाडा सुधारला, हवेचा अडथळा कमी केला, गिअर घातले, ब्रेक सुधारले. मग मोटरची मदत असलेली आणि पूर्ण विजेवरची, अशा दोन रिक्षा आल्या. गाडी हलकी झाली, तिचा अडथळा घटला, की लागणारी मोटर आपोआप लहान होते. पुढे देशभर पसरलेल्या ई-रिक्षा या वाटेनं आल्या नाहीत. जुन्या जड सांगाड्यात जड लेड-ॲसिड बॅटऱ्या कोंबल्या गेल्या, आणि मोटरचे वॅट वाढवून ते ओझं ओढलं गेलं. ते ओझं चालकांच्या रोजच्या कमाईतून आजही ओढलं जातंय.

पुन्हा हब की गिअर या प्रश्नाकडे. ब्रेक लावताना वीज परत मिळते, म्हणून बिनगिअरची हब मोटर घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. १०० किलोची सायकल ताशी २५ किलोमीटरवरून थांबवली, तर तिच्यातली सगळी गतिऊर्जा मिळून एक वॅट-तासही भरत नाही. शहरात या कारणासाठी मोटर निवडण्यात अर्थ नाही. घाटात मात्र आहे. १५० किलोची गाडी २०० मीटर खाली उतरते तेव्हा ८० वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा सुटते. त्यातला काही भाग परत मिळाला तरी चांगलं, आणि ब्रेक तापत नाहीत हे त्याहून मोलाचं.

आणखी एक बाजू गेल्या दोन वर्षांत पुढे आली, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. एप्रिल २०२५ मध्ये चीननं सात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. त्यात डिस्प्रोशियम आणि टर्बियम होती. निओडिमियम चुंबक उष्णतेत टिकावेत म्हणून जी मिसळतात, तीच. काही महिन्यांत चेतकचं उत्पादन घटवण्याची वेळ बजाज ऑटोवर आली. काही ग्रॅम धातूसाठी पुण्याजवळची उत्पादनाची साखळी मंदावली. उपाय म्हणून फेराइट चुंबकांचं नाव घेतलं जातं. ते स्वस्त आहेत, त्यांत दुर्मीळ मूलद्रव्यं नसतात. पण त्यांचं चुंबकीय क्षेत्र निओडिमियमच्या साधारण एक तृतीयांश. हब मोटरमध्ये ते घातले तर तोच टॉर्क मिळवायला मोटर बोजड होते. मात्र मोटर चाकाबाहेर काढून तिला तिप्पट वेगानं फिरवलं आणि गिअरनं वेग उतरवला, तर तिच्याकडून टॉर्कच एक तृतीयांश मागितला जातो, आणि मग कमकुवत चुंबकही पुरतो. ओला इलेक्ट्रिकनं २०२५ मध्येच फेराइट मोटरला मान्यता मिळाल्याचं जाहीर केलं. चुंबक अजिबात नसलेली स्विच्ड रिलक्टन्स मोटर हाही एक मार्ग आहे, तिचा आवाज आणि टॉर्कचे हिसके आवरता आले तर. दोन्हीकडे वेगवान मोटर आणि चांगला गिअर लागतो. दातेरी चाकं कापायचं कसब पिंपरी-चिंचवडपासून कोल्हापूरपर्यंतच्या कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, चुंबकाच्या धातूंच्या खाणी नाहीत. जे आपल्याकडे आहे त्यावर गाडी उभी करायची असेल, तर गिअरवर खर्च करायला हवा.

आज गाडी घेणाऱ्यानं काय करावं? चाचणी दुकानापुढच्या सपाट रस्त्यावर घेऊ नये. रोजच्या वाटेवरचा सर्वांत अवघड चढ शोधावा, मागे खरोखरचं ओझं किंवा माणूस घ्यावा, आणि मुद्दाम हळू, ट्रकच्या मागे अडकल्यासारखं, तो चढ सलग दोन-तीनदा चढावा. बॅटरी किती टक्क्यांनी उतरली ते पाहावं. चढता चढता गाडी आपणहून शक्ती कमी करते का, हे बघावं. तसं झालं तर आतली मोटर किंवा कंट्रोलर तापून स्वतःला वाचवतोय. स्वतः गाडी जुळवणाऱ्यानं आधी वजन आणि चढ लिहावा, त्यावरून चाकाशी लागणारा टॉर्क काढावा, आणि मोटरवाल्याकडे वॅटऐवजी दोन गोष्टी मागाव्यात: दर अँपिअरला किती न्यूटन-मीटर, आणि वेटोळ्याचा रोध किती. या दोन आकड्यांवरून चढावरची उष्णता घरबसल्या काढता येते.

पण हे काम गिऱ्हाइकावर टाकणं योग्य नाही. छताच्या पंख्यावर जानेवारी २०२३ पासून ताऱ्यांचा शिक्का सक्तीचा आहे, आणि तो एक वॅटमागे पंखा किती हवा हलवतो यावरून ठरतो. अडीच-तीन हजारांच्या पंख्याला हे जमतं, तर लाखाच्या गाडीलाही जमेल. पुण्यात वेताळ टेकडीवर वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआयसारखी संस्था आहे, मोटरची ३० मिनिटांची शक्ती मोजायची पद्धत आधीच ठरलेली आहे. त्याच चाचणी-मंचावर एक नोंद वाढवायची: पूर्ण ओझ्यासह दहा टक्क्यांचा चढ, ताशी १५ किलोमीटर, सलग दहा मिनिटं. बॅटरीतून किती ऊर्जा गेली, चाकाशी किती पोचली, आणि शेवटी वेटोळ्याचं तापमान किती होतं. हे तीन आकडे प्रत्येक गाडीच्या माहितीपत्रकात, वॅटच्या आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत छापणं बंधनकारक करावं, आणि अनुदान उरलं असेल तर ते त्यातल्या पहिल्या दोन आकड्यांवर द्यावं.